घरी विमान जोडताना दोन्ही पंख एका मापात कसे आणायचे?

कपाशीवाला | १४ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आर्वीकडच्या आमच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये दोन सीटचं किट विमान जोडणं चालू आहे, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे. ॲल्युमिनियमचं, पंख खालच्या अंगाला. शेपूट झाली, बॉडी झाली, दोन्ही पंख रिव्हेट मारून भिंतीशी उभे आहेत. आता पंख बॉडीला लावायचे आणि इथेच घोडं अडलंय.

मेन स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, तिची भोकं कारखान्यातूनच पाडून आली आहेत. तिथे आपण काही करायचं नाही. मागच्या स्पारचं भोक मात्र आपण पाडायचं. प्रत्येक पंखाला एकच भोक. ते पडलं की पंखाचा कोन कायमचा ठरला.

बॉडी घोड्यांवर ठेवून लांबीत आणि रुंदीत लेव्हल केली, पंख आत सरकवले आणि डिजिटल गेजने इन्सिडन्स, म्हणजे बॉडीच्या लेव्हलशी पंखाचा कोन, मोजला. डाव्या-उजव्यात सकाळी ०.२ अंशाचा फरक. दुपारी चारला तोच ०.३ च्या वर. किटच्या नकाशात फरक ०.१ च्या आत ठेवायला सांगितलंय.

तर गेजवर विश्वास ठेवू की नको? सकाळ-दुपारचा फरक कशाचा? आणि ०.२ राहिला तर खरंच काय आभाळ कोसळतं? शेडची फरशी साधा कोबा आहे, खाली काळी माती. लाइट असते, नसते.

वऱ्हाडी_ठेचा | १४ मे, रात्री ९:२०

भाऊ, पयले हे सांग, थे उडन का नाही? तूर निंगाली का आमचं वावर खालीच राह्यते.

उजवी_सीट | १४ मे, रात्री १०:०५

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण त्याची फळं आम्हा विमान शिकवणाऱ्यांना हवेत चाखावी लागतात.

एका पंखाचा कोन जास्त असला की तो जास्त उचलतो आणि विमान दुसऱ्या बाजूला कलत राहतं. स्टिक सोडली की कललंच. ०.२ ने आभाळ कोसळणार नाही, पण नागपूरहून गोंदियाला पोचेपर्यंत एक हात सतत स्टिकवर दाबून ठेवावा लागेल. एवढ्यापुरतं असेल तर लोक एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या फळीला, छोटी पट्टी लावून भागवतात.

खरी गोम स्टॉलमध्ये, म्हणजे पंखाची उचल अचानक तुटते तिथे, आहे. वेग कमी होत गेला की ज्या पंखाचा कोन जास्त तो आधी स्टॉल होतो. दोन्ही एकदम झाले तर नाक सरळ खाली जातं, तुम्ही स्टिक पुढे देता, विषय संपला. एक आधी गेला तर विमान त्या अंगाला उलटायला बघतं. वर असताना ठीक आहे, सावरता येतं. धावपट्टीकडे वळतानाच्या शेवटच्या वळणात झालं तर सावरायला उंचीच नसते.

म्हणून माझ्या लेखी दोन्ही पंखांचा कोन नकाशापेक्षा मिळून किंचित कमी-जास्त झाला तर एक वेळ चालेल, डावा वेगळा आणि उजवा वेगळा हे नको.

निवृत्त_फिटर | १५ मे, सकाळी ६:४०

ताईंनी 'का' सांगितलं, मी 'कसं' सांगतो. अख्खी नोकरी मशीन शॉपमध्ये गेली, विमान कधी जोडलं नाही, पण या किटचे नकाशे कपाशीवाल्याने मला दाखवले आहेत.

पहिली गोष्ट, ते मागचं एक भोक दोन कामं करतं. ते वर-खाली सरकलं तर इन्सिडन्स बदलतो. आत-बाहेर सरकलं तर पंख पुढे किंवा मागे झुकतो, म्हणजे स्वीप बदलतो. दोन्ही एकाच भोकात अडकलेले. त्यामुळे गेज घेऊन थेट इन्सिडन्सच्या मागे लागलास तर स्वीप बिघडेल आणि स्वीप दुरुस्त करायला गेलास की इन्सिडन्स हलेल. क्रम असा ठेव: आधी बॉडी लेव्हल, मग स्वीप, मग इन्सिडन्स, मग पुन्हा स्वीप.

आकडे बघ. मेन स्पार ते मागचा स्पार अंतर तुझ्या विमानात साधारण ७०० मिमी. ०.१ अंश म्हणजे तिथे १.२ मिमी वर-खाली. तुझा ०.३ चा फरक म्हणजे साडेतीन मिमीच्या वर. हे पट्टीने दिसायला हवं, गेज लागायलाच नको. आणि स्वीपचं तर उलट आहे. मागच्या स्पारला १ मिमी आत-बाहेर केलं की साडेतीन मीटर लांबच्या टोकाला पंख ५ मिमी पुढे-मागे जातो. म्हणून स्वीप टोकाला मोजायचा, मुळाशी नाही.

मोजायचा कसा? दोन्ही पंखांच्या लीडिंग एजवरून, म्हणजे पुढच्या कडेवरून, ओळंबे सोड. मुळाशी एक आणि टोकाशी एक, असे दोन्हीकडे मिळून चार. टोकं जमिनीपासून केसभर वर राहू दे. खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाईनदोरी ताण. चारही ओळंबे दोरीला सारखेच टेकले तर दोन्ही पंख एका रेषेत. तुझ्या किटला स्वीप शून्य आहे, म्हणून हे इतकं सोपं. कूलर बंद कर, नाहीतर ओळंबा डुलतच राहील. तरी डुलला तर त्याचं टोक तेलाच्या डब्यात बुडव, लगेच स्थिर होतो.

एवढ्यावर थांबू नको. चारही एका रेषेत असतील पण ती रेषाच बॉडीला तिरपी असू शकते. शेपटीच्या मध्यावर एक खूण कर, तिथून दोन्ही पंखांच्या टोकाजवळच्या एकाच क्रमांकाच्या रिव्हेटपर्यंत स्टीलच्या टेपने माप घे. दोन्ही मापं सारखी हवीत. टेपला दोन्हीकडे सारखाच ताण दे. टेपच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकव आणि दोन्ही वेळा पाच किलोवर आण.

मिस्त्री_यवतमाळ | १५ मे, सकाळी ७:१५

फिटर साहेबांनी सांगितलं ते आम्ही प्लिंथ आखताना रोजच करतो. दोन कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात आली. विमान असो की संडास, काटकोन तोच.

मी म्हणतो तो गेज ठेवून द्या बाजूला. लेव्हल पाईप घ्या. पारदर्शक नळी, दहा मीटर. पाण्यात जराशी नीळ टाका म्हणजे पातळी नीट दिसते. नळीत एकही बुडबुडा ठेवू नका, बोटाने टिचक्या मारून सगळे काढा. दोन्ही तोंडं उघडी. बॉडी आडवी लेव्हल करायला याच्यासारखं काही नाही, बॅटरीही लागत नाही. फक्त नळीचा एक भाग उन्हात पडू देऊ नका, पाणी तापलं की पातळी हलते.

कोथरूडकर | १५ मे, सकाळी १०:३०

आश्चर्य वाटतं. आजच्या काळात निळीचं पाणी आणि लाईनदोरी? ऑनलाइन सेल्फ लेव्हलिंग लेझर मिळतो, दोन दिवसांत घरी येतो. एक लाल रेघ, विषय संपला.

मिस्त्री_यवतमाळ | १५ मे, सकाळी १०:४४

दादा, त्या लेझरच्या खोक्यावर काय छापलंय ते वाचा. टाइल बसवायच्या लेझरला बहुतेक १० मीटरला ३ मिमी चूक मान्य असते. सात मीटरच्या पंखाला दोन मिमी तिथेच गेले. वरून रेघच दोन मिमी जाड, आणि दिवसा शेडमध्ये ती दिसत नाही. माझ्याकडे आहे लेझर. टाइलला झकास आहे.

कोथरूडकर | १५ मे, सकाळी ११:०२

महागडा घ्या मग.

वऱ्हाडी_ठेचा | १५ मे, सकाळी ११:०५

हाव ना, आन् पैसे कोथरूडहून येऊन राहिले काय?

काटकोन | १५ मे, दुपारी १२:२०

कपाशीवाला, एक साधी गोष्ट विचारतो. डावा पंख मोजताना गेजचा डिस्प्ले कुठल्या बाजूला होता आणि उजवा मोजताना कुठल्या?

आपण सहसा पंखाच्या टोकाकडे, म्हणजे बाहेर उभे राहतो आणि डिस्प्ले आपल्याकडे ठेवतो. डावीकडे उभे राहिलात तेव्हा गेजचं डावं टोक नाकाकडे असतं, उजवीकडे गेल्यावर तेच टोक शेपटीकडे जातं. गेजच्या शून्यात जी काही खोट असेल ती एका पंखात मिळवली जाते आणि दुसऱ्यात वजा होते. शून्य ०.१ ने चुकलेलं असेल तर पंख अगदी सारखे असूनही तुम्हाला ०.२ चा फरक दिसेल.

तपासायला मिनिटही लागत नाही. गेज टेबलावर ठेवा, आकडा वाचा, तिथल्या तिथे अर्धा गोल फिरवून ठेवा, पुन्हा वाचा. दोन आकडे उलट चिन्हाचे पण सारखे आले तर गेज बरोबर, टेबल तिरपं. नाहीतर दोन आकड्यांची बेरीज करून निम्मी करा, ती गेजची खोट.

मोजताना दोन्ही पंखांवर गेजचं तेच टोक नाकाकडे ठेवा. मग गेज कितीही खोटारडा असला तरी दोन पंखांतला फरक खरा येईल. मोबाइलच्या ॲपने मोजत असाल तर मात्र काहीच बोलत नाही.

कपाशीवाला | १५ मे, दुपारी १:१०

डिस्प्ले माझ्याकडेच होता दोन्ही वेळा. संध्याकाळी फिरवून बघतो. मोबाइल नाही, खरा गेज आहे.

भौतिकवाला_सर | १५ मे, दुपारी २:३०

अकोल्याहून लिहितोय, बाहेर पारा ४५ च्या पुढे आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला खिडकीतूनच दिसतंय.

ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं. पोलाद साधारण त्याच्या निम्मं. चार मीटरचा पंख पहाटेपेक्षा दुपारी २० अंशांनी तापला तर तो जवळपास १.८ मिमी लांब होतो. पोलादी टेपही वाढते, पण एक मिमीनेच. दोन्ही पंख सारखेच वाढले तर डाव्या-उजव्याची तुलना बिघडत नाही.

बिघडते कधी, तर एकच पंख तापला की. आणि त्याहून जास्त, वरचा पत्रा तापला आणि खालचा गार राहिला की. वरचा पत्रा लांबतो, पंखाचं टोक खाली वाकतं. वर-खाली १० अंशांचा फरक, पंखाची जाडी २० सेंमी, लांबी ३.६ मीटर धरली तर कागदावर टोक साडेसात मिमी खाली जातं. तुमच्या शेडवर टिनाचे पत्रे आहेत ना? दुपारी ते पत्रे खालच्या सगळ्या गोष्टींवर उष्णता ओततात. पश्चिमेचं शटर उघडं असेल तर त्या बाजूचा पंख अजून जास्त.

निवृत्त_फिटर | १५ मे, दुपारी ३:०५

सर, हिशोब बरोबर पण तुम्ही नुसता पत्रा धरलात. मधला स्पार जाडजूड आहे, तो इतका वाकू देणार नाही. आणि टोक वाकलं म्हणजे इन्सिडन्स बदलला असं नाही, तो पिळवटला तर बदलेल.

भौतिकवाला_सर | १५ मे, दुपारी ३:२०

मान्य, साडेसात ही वरची मर्यादा समजा. पण पंखाचा पुढचा अर्धा भाग शटरच्या उन्हात आणि मागचा सावलीत असेल तर पिळवटेल का नाही? पिळवटेल. पहाटे पाचला मोजा, वाद मिटेल.

संत्रा_बर्फी | १५ मे, दुपारी ४:००

काही कळत नाहीये पण वाचायला मजा येतेय. ते कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे वैमानिक आठवले, अमोल यादव. २०१६ च्या मेक इन इंडियात ठेवलं होतं ना त्यांचं सहा सीटरचं विमान?

उजवी_सीट | १५ मे, दुपारी ४:२५

हो. आणि त्यांचं किट नव्हतं, स्वतःचं डिझाइन होतं. नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. कपाशीवाल्यांनी निदान कोणाची तरी आधी उडालेली रचना घेतली आहे, हे शहाणपणाचं. कागदपत्रांची फाइल आत्तापासून नीट ठेवा बरं का. प्रत्येक टप्प्याचा फोटो, मोजलेले आकडे, तारीख. डीजीसीएकडे, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जाताना हीच वही कामाला येते.

इतिहासप्रेमी | १५ मे, संध्याकाळी ५:१०

यावरून आठवलं, राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे पंख मुळी सारखे नव्हतेच! उजवा पंख डाव्यापेक्षा चार इंच लांब होता. वैमानिक मध्याच्या डावीकडे पालथा झोपायचा आणि इंजिन उजवीकडे. इंजिन माणसापेक्षा जड, म्हणून त्या बाजूला उचल जास्त हवी. तेव्हा समान असलंच पाहिजे हा हट्ट कशाला?

काटकोन | १५ मे, संध्याकाळी ५:१८

त्यांनी मोजून चार इंच जास्त ठेवले. मोजायचं राहिलं म्हणून नाही.

चौपाटी_१८९५ | १५ मे, संध्याकाळी ५:४०

राईट बंधूंच्या आधी आपल्या तळपदेंनी

प्रशासक | १५ मे, संध्याकाळी ५:४३

तळपदे यांच्यासाठी वेगळा धागा आहे, तो चारदा कुलूपबंद झालाय. इथे पंख.

काळी_कसदार | १५ मे, रात्री ८:१५

एका गोष्टीकडे कोणाचंच लक्ष नाही. कपाशीवाल्याने सुरुवातीलाच लिहिलंय, कोबा काळ्या मातीवर आहे. आपली माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. आत्ता मे महिन्यात वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा आहेत. मृगाचा पाऊस पडला की हीच जमीन वर येणार, आणि सगळीकडे सारखी येणार नाही. शेडच्या भिंतीकडची, पागोळ्यांचं पाणी पडतं तिथली आधी फुगणार. आमच्या घराचे दरवाजे दर पावसाळ्यात चौकटीत अडकतात ते यामुळेच.

म्हणजे आज लेव्हल केलेली बॉडी जूनच्या शेवटी लेव्हल असेलच असं नाही. जॅकचा किंवा घोडीचा एक पाय दोन मिमी वर आला तरी सगळे आकडे फिरतील. पंख लावायचे तर पावसाआधी लावून भोकं पाडून मोकळा हो, नाहीतर थेट दिवाळीनंतर कर.

निवृत्त_फिटर | १५ मे, रात्री ८:४०

माती फुगते हे बरोबर, पण भीती घालू नका पोराला. फरशी लेव्हल असण्याची गरजच नाही. बॉडी लेव्हल हवी, आणि मोजायच्या अगोदर प्रत्येक वेळी ती पुन्हा तपासायची. सकाळी तपासली होती म्हणून दुपारी तशीच असेल असं धरायचं नाही. घोड्यांच्या पायांखाली जाड प्लायचे तुकडे दे म्हणजे कोब्यात टोचणार नाहीत, आणि वर पाचरी ठोकून बारीक लेव्हल कर. पंख आत घातल्यावर वजन बदलतं, घोडी थोडी बसते. म्हणून पंख घातल्यानंतरची लेव्हल हीच खरी.

काळी_कसदार | १५ मे, रात्री ८:५२

तुमच्या घोड्या आणि तुमच्या पाचरी. मी सांगायचं काम केलं. मिरग ७ जूनला निघतो.

शिवणी_रोड | १६ मे, सकाळी ९:००

जोडलं तरी उडवणार कुठून? विदर्भात पट्ट्या तशा बऱ्याच आहेत, अकोल्याची शिवणी, चंद्रपूरची मोरवा, यवतमाळ, गोंदियाची बिरसी. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही २०२५ पासून प्रवासी विमानं उतरतात.

कपाशीवाला | १६ मे, सकाळी ९:४०

ते पुढचं पुढे. आर्वीहून ट्रॉलीवर न्यायचं म्हणजे पंख काढावेच लागणार. त्यावर माझा एक प्रश्न आहेच, पण आधी आकडे देतो.

काल रात्री गेज टेबलावर फिरवून बघितला. एका बाजूने ०.३, फिरवल्यावर उणे ०.१. म्हणजे काटकोन म्हणतात तसं गेजच्या शून्यातच ०.१ ची खोट.

आज पहाटे शटर बंद ठेवून, कूलर बंद करून, बॉडी लेव्हल पाईपने पुन्हा लेव्हल करून मोजलं. लेव्हल डावीकडे बसली होती, साधारण मिमीभर. पाचर ठोकली. गेजचं तेच टोक दोन्हीकडे नाकाकडे. फरक ०.१ च्या जरा खाली. म्हणजे सकाळचा जो ०.२ दिसत होता त्यातला बराचसा गेजचा आणि घोडीचा होता, दुपारचा वरचा उन्हाचा.

ओळंबे मात्र जमले नाहीत. उजवा टोकाचा ओळंबा दोरीपासून ६ मिमी मागे.

निवृत्त_फिटर | १६ मे, सकाळी १०:१०

आता खऱ्या कामाला लागलास. ६ मिमी मागे म्हणजे मागच्या स्पारला सव्वा मिमीच्या आसपास. पण ढकलाढकली करण्याआधी सांग, मेन स्पारमध्ये सध्या कोणते बोल्ट आहेत?

कपाशीवाला | १६ मे, सकाळी १०:२२

हार्डवेअरच्या दुकानातले. खरे बोल्ट घट्ट बसतात, सारखे घालून-काढून भोकं खराब होतील म्हणून किंचित बारीक घातले.

निवृत्त_फिटर | १६ मे, सकाळी १०:५०

विचार चांगला आहे, सगळे तसंच करतात. पण बारीक बोल्ट म्हणजे मोकळीक. त्या मोकळिकीत पंख लोंबकळतो, आणि डावा एकीकडे टेकला आणि उजवा दुसरीकडे टेकला तर ओळंबे तेच दाखवणार. पंखाच्या टोकाखाली गादी लावलेली घोडी दे, वजन तिच्यावर घे. मग टोक हळूच वर-खाली, पुढे-मागे हलवून बघ किती सैल आहे. तुझ्या लेथवाल्याकडून भोकाच्या मापाच्या चार गुळगुळीत पिना करून घे, किंचित निमुळत्या टोकाच्या. प्रत्येक बाजूला दोन दोन घाल. त्या घट्टही बसत नाहीत आणि सैलही राहत नाहीत. मग मोज.

मिस्त्री_यवतमाळ | १६ मे, सकाळी ११:३०

आणि पंख दोन्हीकडे सारखे वर उचललेत का हेही बघा. टोकावरच्या एकाच नंबरच्या रिव्हेटवरून दुसऱ्या टोकाच्या रिव्हेटवर मासे पकडायची नायलॉनची दोरी ताणा. बॉडीजवळ दोन्हीकडे दोरी ते पत्रा अंतर मोजा. सारखं आलं पाहिजे. दोरीला झोल आला तरी तो दोन्हीकडे सारखाच येतो, काळजी नाही.

उजवी_सीट | १६ मे, दुपारी १२:१५

इन्सिडन्स एकाच जागी मोजू नका, हे राहिलं. पत्रा कधीच आरशासारखा सपाट नसतो, रिबच्या, म्हणजे पंखातल्या फासळ्यांच्या, मध्ये तो किंचित बसलेला असतो. प्रत्येक वेळी रिबवरच, रिव्हेटच्या ओळीवर लेव्हल ठेवा. मागच्या स्पारवर नकाशात दिलेल्या उंचीचा ठोकळा, पुढे मेन स्पारची रिव्हेटची ओळ, आणि वर लांब सरळपट्टी. मुळाशी, मध्ये आणि टोकाशी असं तीन रिबवर घ्या. मुळाशी सारखा आणि टोकाशी वेगळा आला तर तो पंख बांधतानाच पिळलेला आहे, आणि ते मागच्या भोकाने दुरुस्त होत नाही. तुमच्या रचनेत पंखाला मुद्दाम पीळ नाही, म्हणून तिन्ही आकडे एकच यायला हवेत.

कपाशीवाला | २३ मे, सकाळी ६:३०

पिना झाल्या. लेथवाल्याने पैसे घेतले नाहीत, पहिलं बसायचं मागतोय.

पिना घातल्यावर ६ मिमीचा उजवा ओळंबा २ मिमीवर आला, काहीही न ढकलता. उरलेले २ मिमी मागच्या स्पारला सी-क्लॅम्प सैल करून बाहेर घेतल्यावर गेले. शेपूट ते टोक दोन्ही मापांत दीड मिमीचा फरक. तिन्ही रिबवर इन्सिडन्स ०.१ च्या आत. नायलॉनच्या दोरीचं अंतर दोन्हीकडे सारखं.

एकच भानगड. उजवीकडे स्पारची पट्टी आणि बॉडीची पट्टी यांच्यात फट आहे, जेमतेम पोस्टकार्ड जाईल एवढी. क्लॅम्प आवळला की फट मिटते, पण टोकाचा ओळंबा पुन्हा हलतो.

निवृत्त_फिटर | २३ मे, सकाळी ७:१०

मग आवळून मिटवू नको. त्या जाडीची पत्र्याची पट्टी घाल, शिम. आवळून मिटवलेली फट म्हणजे पट्टीत कायमचा ताण.

काटकोन | २३ मे, सकाळी ८:००

मी वेगळं म्हणेन. आधी बघा फट का आहे. पट्टीच्या कोपऱ्यात बारीक बर, म्हणजे कापताना राहिलेली धातूची कोर, असेल किंवा रिव्हेटचं डोकं टेकत असेल. शिम हा शेवटचा उपाय. आणि घालायचाच तर किटवाल्याला ईमेल करून जाडी विचारून घ्या, ही जागा अंदाजपंचे करण्याची नाही.

कपाशीवाला | २३ मे, सकाळी ८:२०

बर आहे, नखाला लागतेय. कानसीने काढतो आणि ईमेलही टाकतो.

निवृत्त_फिटर | २३ मे, सकाळी ८:४५

भोक पाडण्याआधी शेवटचं. बोल्ट अडीच सुताचा आहे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत पाच सूत पत्रा उरलाच पाहिजे, स्पारच्या पट्टीतही आणि बॉडीच्या पट्टीतही. बॉडीची पट्टी बाहेरून दिसते, स्पारची तिच्यामागे लपते. म्हणून पंख बाहेर काढून दोन्ही पट्ट्यांवर पाच सुताच्या सीमारेषा पेनने आख, मग पुन्हा आत घाल. भोक दोन्ही चौकटींच्या आतच पडायला हवं. नसेल पडत तर थांब, पाडू नको.

आधी एक सुताचं बारीक भोक, सरळ जावं म्हणून ड्रिल गाइड लावून. मग सगळी मापं पुन्हा. बदल हवा असेल तर या टप्प्यावर अजून थोडी जागा आहे. मग पायरीपायरीने मोठं, आणि शेवटचं माप रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापात गुळगुळीत करायच्या हत्याराने. ड्रिलने शेवटचं माप काढू नको, भोक तीन कोपऱ्यांचं होतं.

कपाशीवाला | ३० मे, रात्री ९:५०

ईमेलचं उत्तर आलं, शिम नको म्हणाले. बर काढल्यावर फट गेली होतीच. भोकं आज पहाटे पाडली. चारही पट्ट्यांना पाच सुताच्या वर पत्रा उरलाय. रीम केल्यानंतर फरक ०.१ च्या आतच आहे. ओळंबे चारही दोरीला.

वऱ्हाडी_ठेचा | ३० मे, रात्री ९:५५

वा रे भाऊ! लेथवाल्याच्या मांगं माहा नंबर लाव.

कपाशीवाला | ३० मे, रात्री १०:०५

आता तो राहिलेला प्रश्न. ट्रॉलीवर न्यायला पंख काढावे लागणार. तिकडे पट्टीवर पुन्हा लावल्यावर हे सगळं पुन्हा मोजायचं का?

निवृत्त_फिटर | ३१ मे, सकाळी ६:२०

भोकं रीम केलेली आहेत आणि खरे बोल्ट घट्ट बसणारे आहेत, त्यामुळे पंख त्याच जागी येईल. तरी ओळंबे आणि शेपूट ते टोक माप एकदा घेच, अर्ध्या तासाचं काम आहे. आकडा आजच्यापेक्षा वेगळा आला तर वाटेत काहीतरी वाकलंय असं समज आणि शोध.

उजवी_सीट | ३१ मे, सकाळी ७:३०

आणि आजचे आकडे त्या फाइलमध्ये. तारीख, वेळ, शेडमधलं तापमान सगळं.

काटकोन | ३१ मे, सकाळी ८:१०

डाव्याचे बोल्ट डाव्यालाच आणि उजव्याचे उजव्यालाच जाऊ द्या. वेगवेगळ्या पिशव्या, पिशवीवर मार्करने लिहून. ट्रॉली भरायच्या गडबडीत पिशव्याच घरी राहतात, तेव्हा त्या सीटला बांधा.